बेकरीचं वळण

मिस्त्रीनं चौदा वर्षांत आपल्या मेहुण्याला एकदाही नावानं हाक मारली नाही. घरी 'जावईबापू' आणि गॅरेजमध्ये 'महाराज'. धाकट्या बहिणीचा नवरा, त्याला मान द्यायलाच हवा, असं म्हणत तो इतका मान द्यायचा की ऐकणाऱ्याला ती शिवीच वाटावी. जग त्या माणसाला चॅम्पियन म्हणायचं. बंद रस्त्यांवरच्या मोटरसायकल शर्यतींचं अजिंक्यपद त्यानं चार वेळा पटकावलं होतं, आणि चारही वेळा ज्या गाडीवर बसून पटकावलं ती गाडी मिस्त्रीनं बांधली होती.

या शर्यती मैदानातल्या गुळगुळीत ट्रॅकवर होत नाहीत. गावातले रोजचे रस्तेच दोन दिवस बंद करतात. एरवी जिथून शाळेची बस आणि दुधाची गाडी जाते, तिथून माणसं ताशी दोनशेच्या वेगानं जातात. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, विजेचे खांब, गटाराची झाकणं, आणि वळणावळणावर रचलेल्या गवताच्या गाठी. मिस्त्रीच्या मते यात शौर्य वगैरे काही नव्हतं. "मूठ पिळायला काय लागतं?" तो म्हणायचा. "नळ सोडणाऱ्याला कोणी कप देतं का? पळते ती गाडी. हे नुसते वर बसतात."

चॅम्पियनला गाडीतलं काडीचंही कळत नसे, हे मात्र खरंच होतं. सरावाची फेरी मारून तो यायचा, हेल्मेट काढायचा, ओले केस मागे सारायचा आणि म्हणायचा, "दादा, आज गाडी रुसलीय."

"रुसलीय म्हणजे? पुढून की मागून?"

"असं नाही सांगता येत. मनातून रुसलीय."

मग मिस्त्री फरशीवर आडवा व्हायचा. चष्मा कपाळावर चढवून मागच्या टायरवरून अंगठा फिरवायचा. डाव्या कडेला रबर दाणेदार झालं असेल तर मागचा शॉक दोन घरं सैल करायचा, साखळीचा ताण बघायचा, आणि कपड्याला हात पुसत उठायचा. पुढच्या फेरीत दीड-दोन सेकंदांचा फरक पडलेला असे. संध्याकाळी चॅम्पियन पत्रकारांना सांगायचा, "गाडीशी बोलावं लागतं. प्रेमानं बोललं की ती ऐकते." मिस्त्री मागे बसून पाने-पकडी पुसत असायचा. "ऐकते," तो पुटपुटायचा, "आणि पार विटून जाते."

या सगळ्या तमाशात मिस्त्री फक्त एका माणसाला मानायचा, ती म्हणजे त्याची बहीण. गॅरेजमध्येच लहानाची मोठी झालेली. शर्यतीच्या दिवशी गळ्यात दोन स्टॉपवॉच अडकवून ती कठड्यापाशी उभी राहायची आणि नवऱ्याला फलक दाखवायची: कितवा आहेस, मागच्यापेक्षा किती सेकंद पुढे आहेस, किती फेऱ्या उरल्यात. तिच्या घड्याळात आणि आयोजकांच्या घड्याळात फरक पडला तर लोक आयोजकांचं घड्याळ तपासायला घ्यायचे. अशा मुलीनं या माणसात काय पाहिलं, हे कोडं मिस्त्रीला चौदा वर्षांत सुटलं नव्हतं. दिसायला बरा होता, एवढं तो नाइलाजानं कबूल करायचा.

चार अजिंक्यपदं मिळाल्यावर तर विचारायलाच नको. टायरच्या जाहिरातीत चॅम्पियन डोळे बारीक करून क्षितिजाकडे बघत उभा राहिला. टायर कुठेच दिसत नव्हता. त्यानं घरात एक अख्खी भिंत आरशाची करून घेतली, का तर बसण्याची ढब सुधारायला. आणि एक नवीन खूळ काढलं. शर्यतीच्या शेवटच्या फेरीला बेकरीच्या वळणाआधी उताराचा सरळ रस्ता लागायचा. तिथे डाव्या हाताला एका हॉटेलची लांबलचक गॅलरी होती आणि प्रायोजक, त्यांच्या बायका, फोटोवाले असे सगळे तिथे बसायचे. त्यांच्यासमोरून जाताना हा गडी डावा हात हँडलवरून काढून उंच करायचा. लोक वेडे व्हायचे.

"जावईबापू," मिस्त्रीनं एकदा त्याला जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं, "हात हलवायचा असेल तर घरी खिडकीत बसून हलवा. तिथे एका हातानं ब्रेक दाबलात तर सगळं वजन एका मनगटावर येतं. गाडी सरळ राहायची नाही."

"दादा, तो सगळा अंदाजाचा खेळ आहे," चॅम्पियन हसून म्हणाला. "तुम्ही पान्यातली माणसं. तुम्हाला नाही कळायचं."

बहिणीनं दोघांच्या ताटात भाजी वाढली आणि विषय बदलला.

पाचव्या अजिंक्यपदाची शेवटची शर्यत त्याच गावात होती. चॅम्पियन सुरुवातीपासून पुढे होता. शेवटच्या फेरीला निघताना बहिणीनं फलक दाखवला: पहिला, सहा सेकंद पुढे. सहा सेकंद म्हणजे या खेळात मधे थांबून नाक शिंकरायला वेळ. मिस्त्री गॅरेजच्या दाराशी उभा राहून कान देऊन ऐकत होता. बंदराकडून इंजिनाचा आवाज चढत आला, शाळेच्या भिंतीमागे दबला, उताराला लागून पुन्हा मोकळा झाला, आणि एकदम बंद पडला. मग नुसती माणसांची ओरड.

गाडी वळण न घेता सरळ गवताच्या गाठींमध्ये घुसली होती. चॅम्पियनचं गळ्याजवळचं हाड मोडलं. गाठींच्या मागे पिवळा झेंडा घेऊन एक म्हातारा उभा होता, निवृत्त पोस्टमन, वीस वर्षं त्याच वळणावर हौसेनं काम करणारा. गाडीनं ढकललेल्या गाठींखाली सापडून त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला.

आणि संध्याकाळी, हात गळ्यात बांधलेल्या अवस्थेत, चॅम्पियननं हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर उभं राहून कॅमेऱ्यांना सांगितलं, "ब्रेक गेला. लिव्हर दाबला, तर नुसता पोकळ. मी काय करणार होतो? त्या बिचाऱ्या माणसाचं फार वाईट वाटतं. यंत्र म्हटलं की चूक होते. मी माझ्या मेकॅनिकला माफ केलंय."

मिस्त्री हे गॅरेजमधल्या छोट्या टीव्हीवर बघत होता. हातात कार्ब्युरेटरचं झाकण होतं. ते त्यानं हळूच टेबलावर ठेवलं, कारण ठेवलं नसतं तर ते टीव्हीच्या काचेत गेलं असतं. खोटं तर सगळेच बोलतात. पण याला माफही करायचं होतं!

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शर्यती भरवणाऱ्या संघटनेनं मिस्त्रीचा शर्यतीच्या गॅरेजात यायचा परवाना रोखून धरला. ज्यांच्या गाड्या दुरुस्तीला होत्या ती माणसं एकेक करून आली आणि डोळ्याला डोळा न भिडवता आपापल्या गाड्या ढकलत घेऊन गेली. एक जण तर मिस्त्रीनं नुकतेच घातलेले ब्रेकचे पॅड दुसऱ्याकडून तपासून घेऊन "ठीक आहेत हो" असं सांगायलाही परत आला. मिस्त्रीनं त्याला दारातूनच वाटेला लावलं.

बहीण चौथ्या दिवशी आली. स्टुलावर बसली.

"दादा, तुझ्याकडून काही राहिलं होतं का?"

"तुला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही, म्हणून तर विचारते. तो म्हणतो लिव्हर पोकळ होता. तो कशाला खोटं बोलेल? एवढं सगळं मिळवल्यावर?"

"हात वर केला होता का, ते विचार त्याला."

"विचारलं. नाही म्हणतो."

"मग झालं. चॅम्पियन म्हणतो म्हणजे झालंच."

तिनं स्टूल मागे सरकवलं. मग म्हणाली, "तू त्याच्याबद्दल आजवर एक शब्द तरी चांगला बोललायस का रे? म्हणून आता तुझा शब्द कोणी धरत नाही. मीसुद्धा नाही." आणि उठून गेली. मिस्त्रीला ते ब्रेकच्या आरोपापेक्षा जास्त लागलं, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

हात वर होता की नाही, हे नक्की पाहिलेला एक माणूस होता, तो म्हणजे झेंडेवाला. गॅलरीतल्या सगळ्यांनीही पाहिलं असणारच; पण ते प्रायोजक, त्यांची तोंडं कधी उघडायची हे त्यांचे वकील ठरवत. मिस्त्री हॉस्पिटलात गेला. म्हातारा खाटेवर पाय टांगून पडला होता आणि चेहरा असा खुललेला, की जणू लॉटरी लागलीय. प्लॅस्टरवर मांडीपासून घोट्यापर्यंत काळ्या शाईत चॅम्पियनची लफ्फेदार सही होती.

"स्वतः आले होते," झेंडेवाला म्हणाला. "फोटोवाले घेऊन. अर्धा तास बसले. डॉक्टर म्हणतात सहा आठवड्यांनी हे कापायचं. मी सांगितलंय, जपून कापा, मला घरी न्यायचंय."

"तुम्ही वळणावरच होतात. त्याचा डावा हात हँडलवर होता का?"

म्हाताऱ्याची नजर सरळ प्लॅस्टरवर गेली. मग छताकडे. मग पुन्हा प्लॅस्टरवर. "ब्रेक गेला होता," तो म्हणाला. "त्यांनीच सांगितलं ना."

"तुम्ही काय पाहिलंत ते विचारतोय मी."

"मी झेंडा बघत होतो."

"स्वतःच्या हातातला?"

"हो," म्हातारा म्हणाला, आणि त्यानं नर्सला बोलावायची घंटा दाबली.

चौकशीसाठी तीन जणांची समिती बसली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश होते, जे आयुष्यात सायकलच्या पुढे गेले नव्हते. दुसरे संघटनेचे तांत्रिक अधिकारी. तिसरे हेल्मेटच्या कंपनीचे, ज्यांच्या हेल्मेटवर चॅम्पियनचा फोटो होता. मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"गाडी तुमच्याकडे सीलबंद पडलीय," तो म्हणाला. "तिचा पुढचा भाग चेपलाय, पण ब्रेक शाबूत आहेत. लिव्हर, तेलाची नळी, चाकाची डिस्क आवळणारे दोन्ही कॅलिपर, सगळं एका माळेसारखं आहे. एकही जोड सैल न करता, तेलाचा थेंब न सांडता ती माळ मी तुमच्यासमोर उतरवतो आणि तश्शीच त्याच बांधणीच्या राखीव गाडीवर चढवतो. डिस्कही त्याच. मग ती गाडी बेकरीच्या उतारावरून त्याच वेगानं सोडायची. ब्रेक गेला असेल तर जाईल."

तांत्रिक अधिकाऱ्यांना यात काही खोट काढता येईना. ते म्हणाले, "पण चालवणार कोण? जो ब्रेक गेला असं खुद्द चॅम्पियन म्हणतात, त्याच्या भरवशावर कोण बसेल?"

"मी."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. समोर बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला, जाड काचांच्या चष्म्याचा माणूस उभा होता. "तुम्ही शर्यतीत कधी भाग घेतलाय?"

"नाही. गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणतो, काम झालं की. पण मूठ पिळायला काय लागतं?"

पुढच्या रविवारी सकाळी तो उतार दोन तासांसाठी बंद केला. मिस्त्रीनं समितीच्या डोळ्यांदेखत माळ उतरवली आणि चढवली. एवढ्या हळुवारपणे की बघणाऱ्यांची कुजबुज आपोआप थांबली. बरीच माणसं जमली होती. कठड्यापाशी बहीण उभी होती, गळ्यात घड्याळं न घालता. तिच्या शेजारी हात गळ्यात बांधलेला चॅम्पियन. तो यायला नको म्हणत होता. तिनं त्याला आणलं होतं. चामड्याचा सूट त्याचाच जुना घेतला होता, तो मिस्त्रीच्या पोटाशी बंद होत नव्हता, म्हणून चेनवरून चिकटपट्टी मारली. चॅम्पियनच्या ओठांवर हसू आलेलं मिस्त्रीनं पाहिलं. हसा, तो मनात म्हणाला. हसून घ्या महाराज.

उताराच्या कडेला अंतराचे फलक होते: वळण तीनशे मीटरवर, दोनशेवर, शंभरवर. दोनशे आणि शंभरच्या मधे, वळणापासून साधारण एकशेवीस मीटरवर, भिंतीत बसवलेली एक टपालपेटी होती. चॅम्पियन नेहमी त्या पेटीपाशी ब्रेक मारायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाळेतली मुलं सायकलवरून तसंच करू बघायची.

पहिल्या खेपेला मिस्त्री भीत भीत आला आणि तीनशेलाच ब्रेक दाबला. गाडी गुमान थांबली. तांत्रिक अधिकारी म्हणाले, "हे तर भाजी आणायला जाणं झालं. वेग कुठे आहे?"

दुसऱ्या खेपेला त्यानं वरच्या शाळेपासून मूठ पूर्ण पिळली. आणि तिथे त्याला पहिल्यांदा कळलं की रस्ता अरुंद असतो. गॅरेजच्या दारातून तो रुंद दिसायचा. आता दोन्हीकडच्या भिंती आत आत सरकत आल्या, गटाराच्या एका झाकणावरून गाडी उडाली तेव्हा दोन्ही चाकं हवेत होती, चष्मा हेल्मेटच्या आत नाकावरून घसरला, आणि खाली वळणाची भिंत मोठी मोठी होत धावून आली. दोनशेच्या फलकाला त्यानं जीव खाऊन लिव्हर दाबला. ब्रेक असा लागला की मागचं चाक हलकं होऊन झुललं. वळणाच्या बऱ्याच अलीकडे गाडी जागच्या जागी थांबली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "पुरे. ब्रेक आहे. दिसलं आम्हाला."

काम झालं होतं. मिस्त्रीनं तिथेच उतरायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात ती टपालपेटी बसली होती. ऐंशी मीटर, फक्त ऐंशी मीटर पुढे. चौदा वर्षं तो म्हणत आला होता की वर बसणाऱ्याला काही करावं लागत नाही. "अजून एकदा," तो म्हणाला आणि कोणी नको म्हणायच्या आत गाडी वळवून वर गेला.

तिसऱ्या खेपेला दोनशेचा फलक बाजूनं गेला आणि त्यानं ब्रेक दाबला नाही. उजव्या हाताची बोटं आपसूक आवळायला लागली. त्यानं दात ओठ खाऊन ती सोडवली. पेटी समोर दिसत होती. तिच्यापर्यंत पोचायला पापणी लवण्याइतकाच वेळ होता, आणि तेवढ्या वेळात त्याला आपली मेलेली आई, टेबलावरचा चहाचा कप आणि गवताच्या गाठींवरची एकेक दोरी स्वच्छ दिसली. मग त्याचं अवसान गळालं. पेटीच्या तीस मीटर अलीकडे त्यानं लिव्हर आवळला. गाडी नाकावर उभी राहते की काय असं झालं, पुन्हा आदळली, सरळ पुढे गेली, आणि पुढचं चाक गवताच्या गाठीला अलगद टेकून थांबली. मिस्त्री उतरला. हेल्मेट काढून तो गाठींमागे गेला आणि ओकला.

लोक धावत आले. सगळ्यात पुढे चॅम्पियन होता, मोडलेल्या हाडाची पर्वा न करता. त्याचा चेहरा लाल झाला होता. नेहमीचं ऐटीतलं हसू पार गेलं होतं. एखाद्या कसबी माणसानं आपलं काम कोणीतरी बिघडवताना पाहावं तसा तो चिडला होता.

"ब्रेक पेटीच्या आधीच मारलात!" तो ओरडला. "कशाला घाबरलात? आणि खांदे असे आखडून कोणी बसतं? पेटीला मारायचा! दोन्ही हात हँडलवर असले ना, तर पेटीला ब्रेक मारला तरी थांबते ती. वळतेसुद्धा!"

वारा पडलेला होता. प्रत्येकाला प्रत्येक शब्द ऐकू आला. चॅम्पियनलाही तो ऐकू आला, जरा उशिरानं.

बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं. मग भावाकडे, जो बाहीनं तोंड पुसत होता. ती वळली आणि चालायला लागली. अध्यक्षांनी आपल्या बुटांकडे पाहिलं आणि घसा साफ करून म्हणाले, "इथे फार गलका आहे. मला काही ऐकू आलं नाही." हेल्मेटवाले म्हणाले, "मलाही नाही."

रात्री, दिवसा, जेवताना, आंघोळ करताना मिस्त्रीला एकच गोष्ट खात राहिली. पेटीला ब्रेक मारणं त्याला या जन्मात जमलं नसतं, पुढच्याही नाही. हा माणूस ते दर फेरीला, चौदा वर्षं, शीळ घालत करत आला होता. आणि ज्याला हे जमतं, त्याला खोटं बोलायची काय गरज होती? चुकलो म्हणाला असता तर लोकांनी त्याला आणखीनच डोक्यावर घेतलं असतं. किरकोळ माणूस खोटं बोलला तर समजता येतं. मिस्त्रीचा तिरस्कार कमी झाला नाही. उलट आता त्याला आधार मिळाला.

समितीचा अहवाल महिन्यानं आला. "ब्रेक यंत्रणेत दोष आढळला नाही. अपघाताचे निश्चित कारण सांगता येत नाही." मिस्त्रीला परवाना परत मिळाला, पाकिटातून, सोबत एका ओळीची चिठ्ठीही नाही. चॅम्पियननं वर्तमानपत्रांना सांगितलं की त्याच्या दृष्टीनं तो विषय संपलाय.

बहिणीच्या दृष्टीनं संपला नव्हता. त्या रविवारीच तिनं नवऱ्याला दारात थांबवलं होतं. "त्या म्हाताऱ्याला खरं सांगून ये, मग घरात ये." तो हसला, मग रागावला, मग म्हणाला की अहवाल येऊ दे. तिनं दार लावून घेतलं. हा गडी नऊ दिवस हॉटेलात राहिला. दहाव्या दिवशी गेला हॉस्पिटलात, फोटोवाल्यांशिवाय.

हे मिस्त्रीला कळलं ते खुद्द त्याच्याच तोंडून. तो दुपारी गॅरेजमध्ये आला आणि न सांगता स्टुलावर बसला. चेहरा उतरलेला होता.

"सांगितलं त्याला," तो म्हणाला. "हात वर केला होता, माझी चूक होती, तुमचा पाय माझ्यामुळे मोडला. सगळं."

"मग?"

"विश्वासच ठेवेना! म्हणतो, काहीतरीच काय, ब्रेक गेला होता, मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणतो, तुम्ही मेकॅनिकला सांभाळून घ्यायला असं म्हणताय. किती मोठं मन तुमचं, असं म्हणून रडायला लागला, दादा. माझे हात हातात घेऊन."

मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. आधी त्याचे खांदे हलले, मग पोट हललं, आणि मग तो एवढ्यानं हसला की शेजारचा टायरवाला डोकावून गेला. "फेडा आता, महाराज!" तो डोळे पुसत म्हणाला. "चौदा वर्षं लोकांना पढवलंत ना, चॅम्पियन चुकत नाही म्हणून? फेडा!"

चॅम्पियन हसला नाही. त्यानं विचारलं, "पुढच्या मोसमाची गाडी कधी घेताय कामाला?"

"नाही घेत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही घेत. तुमचं काय म्हणणं होतं, तुम्ही मला माफ केलंय. मी नाही केलं तुम्हाला. जेवायला घरी या, बहिणीकडे मी येतो, जावई आहात ते आहातच. पण तुमच्या गाडीला माझा हात लागणार नाही."

चॅम्पियननं चार नवीन तंत्रज्ञ ठेवले, सगळे पांढऱ्या शर्टातले, लॅपटॉपवाले. तो त्यांना सांगायचा, आज गाडी रुसलीय. ते विचारायचे, कुठल्या सेन्सरवर? त्या मोसमात त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. सहावा, नववा, पुन्हा सहावा. शेवटी त्यानं निवृत्ती जाहीर केली आणि संघटनेनं मोठा समारंभ ठेवला, टीव्हीवर थेट.

बहिणीनं त्या समारंभाला जायला नकार दिला नव्हता, पण तिला त्या दिवशी ताप आला, असं सगळ्यांना कळवण्यात आलं. ताप घेऊन ती भावाच्या गॅरेजमध्ये बसली होती, संत्रं सोलत. टीव्हीवर तिचा नवरा टायरच्या कंपनीचे, संघटनेचे, चाहत्यांचे आणि देवाचे आभार मानत होता. "आणि अर्थातच, माझ्या मेकॅनिकचे," तो म्हणाला.

"वा," मिस्त्री म्हणाला. "देवाच्या खाली का होईना, नंबर लागला."

मग पडद्यावर जुनी शर्यत दाखवायला लागले, तिसऱ्या अजिंक्यपदाची. पावसानं चकचकीत झालेला रस्ता, आणि त्यावरून एकटी येणारी गाडी. ती उताराला लागली. दोनशेचा फलक गेला. मिस्त्री एका स्कूटरचा क्लच उघडून बसला होता. त्याचे हात थांबले. गाडी टपालपेटीपाशी आली, किंचित वाकली, आणि ओल्या रस्त्यावर, भिंतीला घासून, कोणीतरी हातानं रेघ ओढावी तशी वळून गेली. मिस्त्रीचं अंग नकळत त्या बाजूला कललं होतं.

बहीण त्याच्याकडे बघत होती. "काय झालं?"

"कुठे काय. बघ ना, कसा बसलाय. डावा कोपर बाहेर. मूर्ख माणूस." त्यानं चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "आवाज वाढव जरा."